नारळ फुटला, पण पाणी तपासलं कोणी?

आज सकाळी गावच्या ग्रुपवर फोटो. नवीन बोअर, हार घातलेली पाटी, नारळ, मागे घोळका. "दोन इंच पाणी लागलं!" खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अहो, डिसेंबरात पाणी लागलं याचं कौतुक कसलं? आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण खाली काळा पाषाण. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढ्यातच काय ते साठतं, बाकी उतारावरून ओढ्याला जातं. बोअर मारल्यावर पंप सलग काही तास चालवायचा, पातळी किती उतरली आणि बंद केल्यावर किती वेळात चढली ते बघायचं. मग मे महिन्यात परत मोजायचं. त्याआधी फोटो कसले काढता?

आणि पाणी पिण्यालायक आहे का, हे कोण बघणार? आमच्या आत्याच्या पाड्यावर हापसा आहे. पहिल्या दोन-तीन कळश्या लालभडक, ओतूनच द्यायच्या. त्या पाण्याचा चहा निळसर काळा होतो, शाई सांडल्यासारखा. लोहामुळे. घरात कुणी आलं की आत्या चहापुरतं पाणी लांबच्या विहिरीवरून आणते, लाज वाटते म्हणून. लाज तिला वाटते! आणि ज्यांना वाटायला हवी ते हार घालून उभे.

बरं, हापशांमुळे बायकांची पायपीट वाचली, उघड्या विहिरीपेक्षा ते बरे. मान्य.

पण लोह निदान चहात दिसतं. नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. संडासाचा शोषखड्डा बोअरला खेटून असला की भेगांतून ते थेट खाली उतरतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उकळूनही जात नाही. आणि सगळ्यात जास्त धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला.

जलजीवन या घरोघरी नळाच्या सरकारी योजनेत गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. आत्याची सून शिकली. जंतू बघायच्या बाटलीत तिने हापशाचं पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं, म्हणजे पाण्यात जंतू. टीसीएल पडेपर्यंत पोरीने कुणाला ते पाणी पिऊ दिलं नाही. सासऱ्यांशी भांडली त्यासाठी. मला फार अभिमान वाटतो तिचा. तिचा फोटो टाका की ग्रुपवर!

भातसा, तानसा ही धरणं याच तालुक्यात. तिथलं पाणी मुंबई पिते आणि आत्या काळा चहा.

गावाकडे बोअर किंवा हापसा आहे त्या सगळ्यांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना, फोन करा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची दोनदा व्हायला हवी. शेवटच्या अहवालाची तारीख विचारा आणि इथे कमेंटमध्ये लिहा. अहवालच नसेल तर तेही लिहा.