गाठीने मोठी नस धरली म्हणजे पाय कापायचाच, हे खरं नाही

आमच्या अमळनेर-पारोळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मांडीतल्या कॅन्सरच्या गाठीने मोठी रक्ताची नस धरली की पाय कापल्याशिवाय जीव वाचत नाही, नस बदलतो म्हणणारे डॉक्टर बिल वाढवतात, चांगल्या पायाची नस काढतात म्हणून तोही पाय जातो, आणि सुई घालून तपासलं की कॅन्सर पसरतो. काल मावशीने तो मला पाठवला आणि मग फोनवर रडत विचारलं, ‘पाय कापनाच पडी का रे भाऊ?’ मावसभावाच्या मांडीत गाठ आहे, सार्कोमाचा, म्हणजे स्नायू-चरबी-हाडात होणाऱ्या कॅन्सरचा संशय आहे. मी ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून लिहितोय.

नस धरली म्हणून पाय कापायचा हे पूर्वी बऱ्याचदा व्हायचं, कारण गाठ भोवतीच्या चांगल्या मांसाच्या थरासकट काढावी लागते आणि नस त्या थरातच यायची. आता नसेचा तेवढा तुकडा गाठीसोबतच काढतात, वर-खाली क्लॅम्प म्हणजे रक्त थांबवणारे चिमटे लावून मध्ये दुसरी नस शिवतात, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, क्लॅम्प सोडला की पावलाची नाडी बघतात. हे शिवण्याचं तंत्र काही कालचं नाही, त्यासाठी फ्रेंच सर्जन अलेक्सिस कॅरेलला 1912 मध्ये नोबेल मिळालंय. हां, मोठ्या मज्जातंतू आणि बहुतेक स्नायूही गाठीत गेले असतील तर पाय राहूनही कामाचा राहत नाही, तिथे कापणं योग्य ठरू शकतं. पण एकट्या रक्तवाहिनीवरून तो निर्णय होत नाही.

पाय ठेवला तर जीव जातो म्हणतात, त्यावर अमेरिकेत नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने 43 पेशंटवर चाचणी केली होती, 1982 ला छापून आली. 27 जणांचा पाय किंवा हात वाचवून रेडिएशन दिलं, 16 जणांचा कापला. वाचवलेल्यांपैकी 4 जणांना त्याच जागी गाठ परत आली, कापलेल्यांत कुणालाच नाही, हे लपवायचं कारण नाही, तरी जगण्यात दोन्हीकडे फरक दिसला नाही. ती चाचणी नस बदलण्यावर नव्हती हे खरं, पण कापलं म्हणजे जीव वाचला हे गणित तिथेच मोडतं, कारण सार्कोमाने जीव जातो तो बहुतेक वेळा फुफ्फुसात पसरल्यामुळे.

मावशीला सगळ्यात भीती दुसऱ्या पायाची आहे. जी नस काढतात ती घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाते, हृदयाच्या बायपासलाही तीच वापरतात. पायातलं बहुतेक रक्त खोलच्या शिरांतून परत जातं, त्यामुळे वरची काढली तरी पाय चालतो. मग गाठीच्याच पायाची का नाही घेत? कारण तिथली खोलची शीर गाठीसोबत कापली गेली तर रक्त परत न्यायला हीच वरची उरते. शिवताना ती उलटी करून लावतात, कारण आत झडपा असतात, विहिरीच्या मोटारीचा फूटव्हॉल पाणी एकाच बाजूला सोडतो ना, तसंच, सरळ लावली तर रक्त अडेल. नस बारीक किंवा खराब असेल तर कृत्रिम नळी असते.

बिलाचं म्हणाल तर ऑपरेशन मोठं आहे, कधी दोन-तीन सर्जन लागतात. जखम उशिरा भरते, इन्फेक्शन होतं, बसवलेली नस गुठळीने बंद पडू शकते, पायावर सूज राहते. हे सगळं आधी विचारून घ्यायलाच पाहिजे. पण पाय कापल्यावरही खर्च थांबत नाही, कृत्रिम पाय झिजतो, बदलावा लागतो.

आणि सुई. या खोट्याचा मला सगळ्यात राग येतो. जी टीम ऑपरेशन करणार तिनेच जागा ठरवून सुई घातली तर तो सुईचा मार्गही ऑपरेशनमध्ये काढून टाकता येतो. घात होतो तो दुसरीकडेच, चरबीची गाठ समजून एमआरआय न करता कुणीतरी चिरून काढली की पेशी भोवती सांडतात आणि पुढचं ऑपरेशन मोठं होऊन बसतं. 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल, वाढत जाणारी गाठ अशी कुठेही काढून घ्यायची नाही.

मावशी, भाऊचा एमआरआय झालाय, गुरुवारची सुई तेवढी चुकवू नकोस, मी सोबत येतोय.