फुकटचा सिनियर

सोलापूरहून भाच्याचा फोन होता. त्याच्या कॉलेजात म्हणे विचार चाललाय की थर्ड इयरच्या हुशार पोरांनी फर्स्ट इयरवाल्यांना गणितात मदत करायची आणि कॉलेजनं त्याचं तासाप्रमाणे मानधन द्यायचं. यावर घरच्या ग्रुपवर दोन दिवस धुरळा. दाजींनी लिहिलं, "विद्या विकायची का आता? आमच्या वेळी सिनियर फुकट शिकवायचे."

या 'फुकट'नं माझं डोकं फिरलं.

मी राहतो अमेरिकेत, कॅन्सस सिटीत. इथल्याच विद्यापीठात १९७३ साली डियाना मार्टिन यांनी 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू केलं. त्यातली मेख अशी की कच्ची पोरं हुडकायची नाहीत, अवघड विषय हुडकायचा. तो विषय चांगल्या मार्कांनी काढलेला विद्यार्थी पगार घेऊन पुन्हा त्याच लेक्चरला बसतो, नंतर सेशन घेतो. उत्तर सांगायचं नाही, पोरांकडून काढून घ्यायचं. दार सगळ्यांना उघडं, त्यामुळे आत जाणारा 'ढ' ठरत नाही. माझी लेक केमिस्ट्रीची सेशन घेते. त्या पैशात गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल भरते, उरलेले टार्गेट नावाच्या दुकानात उडवते. सरस्वती अजून तरी कोपलेली नाही.

आपल्याकडे काय? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर. मेंटॉर म्हणजे सरच. त्यांच्यासमोर कुठलं पोरगं कबूल करेल की इंटिग्रेशन बारावीपासूनच डोक्यावरून जातंय? आणि कर्मवीरांची 'कमवा आणि शिका' आपलीच ना, दाजी? कॉलेजच्या बागेला पाणी घालून पैसे घेतलेले चालतात, गणितातलं लाप्लास समजावून पैसे घेतले की विद्या बाटते?

दाजींनी उलट विचारलं, "तिकडची फी किती, ते पण लिहा." मी वाचून सोडून दिलं.

खरं तर मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. १९९७ ला इंजिनियरिंगला माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर राहिला. तेव्हा आम्ही सोलापूरवाले कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली; निकाल तिकडून यायचा आणि एटीकेटी घेऊन यायचा. मला तो विषय सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका सिनियरनं काढून दिला. घरात दोन माग. त्या खडखडाटात तो ओरडून शिकवायचा, आकडेमोड मात्र तेलुगूत पुटपुटायचा. मी अक्कलकोटहून येताना आईची शेंगा चटणी न्यायचो. फी तेवढीच. मला शिकवून तो रात्री मागावर उभा राहायचा.

एकदा त्यानं परीक्षेच्या फॉर्मसाठी पैसे मागितले. उसने. "घरून आले की देतो," म्हणालो. घरून आले, आणि मी नव्या पेठेतून जीन्स घेतली. पुढच्या संध्याकाळी तीच घालून त्याच्याकडे गेलो. त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "बस की बे, वही काढ."

हे सगळं ग्रुपवर टाइप केलं आणि खोडलं. भाच्याला तेवढं वेगळं विचारलं, तासाचे किती देणार आहेत?