खुलासा: 'डीव्हीडीसाठी फोटो ७२० बाय ५७६ मध्येच कापा' हे चूक

सांगली-मिरजेत लग्नाचे स्लाइडशो करणाऱ्यांत हा सल्ला फिरतोय. माप बरोबर आहे, सल्ला नाही. पाल (PAL, भारतात चालत आलेली टीव्ही-पद्धत) डीव्हीडीत चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ असो वा १६:९, पिक्सेल तेवढेच. रुंद टीव्हीवर तेच चित्र आडवं ताणलं जातं. नवरी फुगलेली दिसते ती त्यामुळे, आणि बोलणी मात्र कॅमेऱ्याला!

फोटो १०२४ बाय ५७६ किंवा सरळ १९२० बाय १०८० वर मांडा. प्रोजेक्टमध्ये आणि डीव्हीडी बनवताना, दोन्हीकडे १६:९ निवडा. चित्र ७२० पिक्सेलांत आडवं दाबायचं काम एन्कोडर (व्हिडिओ डीव्हीडीच्या साच्यात बसवणारं सॉफ्टवेअर) करतो. चारही कडांना पाच टक्के जागा सोडा, नाहीतर टीव्हीच्या कडेला लिहिलेली नावं कापली जातात.

एवढं करूनही चेहरे उभट दिसले तर टीव्ही ४:३ वर आहे. चेहरे रुंद आणि वर-खाली काळ्या पट्ट्या, तर प्लेअरचं सेटिंग ४:३ राहिलंय.