तुमच्या 1997च्या रुपयाबद्दल, नाण्यांच्या दुकानाकडून

राम राम भाऊ,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांच्या डब्यातला 1997चा रुपया तुम्ही दाखवायला आणलात, त्यावरचं साल दुहेरी दिसतंय, यूट्यूबवर अशाच नाण्याला पाच लाख सांगतात, आणि आम्ही मात्र दोन मिनिटांत 'मशीन डबलिंग आहे', म्हणजे छापताना आलेला साधा दोष आहे, असं म्हणून वाटेला लावलं, वर तपासणीचे 50 रुपये घेतले. 'जळगावात यांना काही कळत नाही, नाहीतर स्वस्तात लाटायचा डाव असेल,' असंही लिहिलंय.

आधी माझं चुकलं ते. फीची पाटी भिंतीवर आहे, पण निम्मी कॅलेंडरखाली झाकलेली. ती आता काउंटरवर आणली आहे. त्या दिवशी चाळीसगावचे पाहुणे लग्नासाठी चांदीची नाणी निवडत बसले होते, त्या घाईत मी तुमचा रुपया काचेवर टाकला आणि 'रिक्षावाल्याला द्या' म्हणालो. वडिलांच्या डब्यातल्या वस्तूबद्दल असं बोलायला नको होतं. त्याबद्दल माफी. तुमचे 50 रुपये पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत.

नाण्याबद्दल मात्र मी तेच सांगेन. तेव्हा कारण सांगितलं नाही, ते आता सांगतो.

पेढ्याचा छाप आठवा. साच्यात अक्षर खोल कोरलेलं असतं, म्हणून पेढ्यावर ते उठून येतं. नाण्याचा डाय तसाच. हा डायही दुसऱ्या उठावाच्या ठशाने, म्हणजे हबने, दाबून बनवतात. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. डाय तापवून मऊ करायचा आणि परत हबखाली घालायचा. दुसऱ्या वेळी तो केसभर जरी फिरला तरी अक्षर डायमध्येच दोनदा कोरलं जातं. हा खरा डबल डाय. साचाच दुहेरी, त्यामुळे त्यातून निघालेला प्रत्येक पेढा दुहेरी, आणि दुहेरीपणा दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला.

आता साचा नीट आहे, पण पेढ्यावरून उचलताना हात सरकला. पेढ्यावर उठलेल्या अक्षराची एक कड दाबली जाते आणि बाजूला चपटी पायरी तयार होते. मशीन डबलिंग म्हणजे हेच. प्रेसमध्ये डाय थोडा सैल असतो, ठोका पडल्यावर जागचा हलतो आणि नुकत्याच उठलेल्या आकड्याची कड चेपतो. पुढच्या नाण्यावर ती पायरी कमी असेल, जास्त असेल, नाहीतर नसेलच.

म्हणून मला दोन मिनिटं पुरली. तुमच्या रुपयावर दोन्ही 9 च्या एकाच बाजूला पायरी आहे. ती सपाट आहे, नाण्याच्या कोऱ्या पृष्ठभागालगत आहे, आणि उजेडात आरशासारखी चमकते. मोबाइलच्या फोटोत तीच चमक दुसरा आकडा वाटते. खऱ्या डबल डायमध्ये दुसरं चित्रही गोलसर, उंच उठलेलं असतं, आणि अक्षरांच्या टोकांना, जिथे दोन चित्रं फाकतात तिथे, सापाच्या जिभेसारखी खाच दिसते. तुमच्या नाण्यावर अशी खाच एकही नाही. सालाखालच्या हिऱ्याचीही, म्हणजे मुंबई टांकसाळीच्या खुणेचीही, त्याच बाजूची कड चेपलेली आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरीच बघा. 1997चाच, हिऱ्याचा दुसरा रुपया शोधा आणि दहापट दाखवणारं भिंग घ्या. साध्या रुपयावरच्या 7 ची रुंदी डोळ्यांत धरा, मग तुमच्या नाण्यावरचा 7 आणि पायरी मिळून बघा. दोन्ही रुंदी सारखी भरेल, कारण पायरी त्याच 7 मधून कापली गेलीय. तुमचा 7 उलट बारीक झालाय. खऱ्या डबल डायमध्ये आकडा नेहमीपेक्षा जाड भरतो. मशीन डबलिंग अक्षरातून घेतं, डबल डाय अक्षरात घालतो. आणि भाऊ, हे बघताना नाणं टूथपेस्टने घासू नका. पुष्कळ लोक घासून आणतात, मग आम्हालाही धड काही दिसत नाही.

थकलेल्या डायचं डबलिंग वेगळं. डाय झिजला की अक्षरं फुगतात, कडा विरघळल्यासारख्या होतात, विशेषतः काठाजवळ. त्यालाही 'डबल डाय' म्हणून खपवतात. अमेरिकेत 1955च्या एक सेंटचं असंच झालं. त्या साली फिलाडेल्फिया टांकसाळीतून खऱ्या डबल डायचे वीस-चोवीस हजार सेंट चलनात गेले असं मानतात. त्यांच्यावरचं साल नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतं आणि किंमतही मोठी. पण त्याच सालचे, झिजलेल्या डायचे सेंटही निघाले, शेवटचा 5 दुहेरी भासणारे. त्यांना तिथे 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात, आणि त्यांची किंमत नावाप्रमाणेच.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. दुकान नवीन असताना मी स्वतः एक मशीन डबलिंगचं नाणं डबल डाय समजून बाराशे रुपयांना घेतलं होतं. मुंबईच्या एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या संग्राहकाने भिंग लावलं, हसला, आणि ती पायरी दाखवली. ते नाणं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आलात तर तुमच्या रुपयाशेजारी ठेवून दाखवतो, दोघे सख्खे भाऊ वाटतील.

लाटायच्या डावाबद्दल एवढंच, की लाटायचं असतं तर 'शंभराला द्या' म्हणालो असतो. मी तर घेतलंच नाही.

पाच लाखांच्या व्हिडिओबद्दल मात्र जपून. त्याखालच्या नंबरवर फोन केलात तर आधी रजिस्ट्रेशन, मग टॅक्स, मग कमिशन म्हणून पैसे मागतील. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती नसते आणि कसलंही शुल्क घेत नाही. भुसावळचा एक ओळखीचा माणूस असंच पैसे भरून माझ्याकडे आला होता. तेव्हा उशीर झाला होता.

आणखी एक. तुम्ही रागाने डबा बंद केलात म्हणून राहून गेलं. त्यात तळाशी गेंड्याचं 25 पैशांचं नाणं होतं, ज्याच्यावर छाप एका बाजूला सरकलाय आणि कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहिलीय. 25 पैसे 2011 च्या जूनअखेर चलनातून गेले, म्हणून तुम्ही बाजूला टाकलं असेल. पण ते खरं एरर नाणं दिसतंय. लाखाच्या गोष्टी नकोत, तरी संग्राहक त्याचे चार पैसे नक्की देतील. मलाच द्या असं नाही, आणखी दोघांना दाखवून भाव विचारा.

गुरुवारी दुकान बंद असतं. दुपारी चारनंतर या, गर्दी नसते. डबा सगळाच आणा.