पिन्यन पाइनला पाणी लागतंच

‘पिन्यन पाइन लावा आणि विसरा, पाणी लागतच नाही’ हा सल्ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोतल्या बागांसाठी सध्या फिरतोय. पिन्यन म्हणजे तिथल्या कोरड्या भागातलं बुटकं पाइन (चीड). पण हा सल्ला अर्धवट आहे. दुष्काळ सोसतं ते मुळं नीट धरलेलं झाड, नवं रोप नव्हे. रोपाला पहिली दोन-तीन वर्षं अधूनमधून खोलवर पाणी हवंच, कोरड्या हिवाळ्यातही. रोज मात्र शिंपडू नका, मुळं कुजतात.

मोठ्या झाडांनाही मर्यादा आहेच. २००२-०३च्या दुष्काळात तिथली कोट्यवधी पिन्यन झाडं वाळून गेली. तहानलेल्या झाडाला पुरेशी राळ सोडता येत नाही, मग सालीत घुसणारा इप्स भुंगेरा रोखला जात नाही. खोडावर तांबूस भुसा किंवा राळेचे बारीक गोळे दिसले, की तो आत शिरलाय असं समजा. आणि कृपा करून छाटणी थंडीतच करा. उन्हाळ्यात ताज्या जखमेच्या वासावर हे भुंगेरे येतात.