‘खुलं मानक म्हणजे चोराच्या हाती किल्ली’ हे खरं नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: कॅमेरे, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर), गेटवरचे कार्ड रीडर सगळं एकाच कंपनीचं घ्या. खुली मानकं, म्हणजे कोणत्याही कंपनीला वापरता येतील असे जाहीर तांत्रिक नियम, कोणालाही वाचता येतात म्हणून असुरक्षित, ‘ऑनव्हिफ’वर (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर जोडायचं खुलं मानक) जोडलं की निम्मी फीचर्स बंद, आणि एकच कंपनी असली की तक्रारीला एकच फोन. कार्यकारिणी हे वाचून लाखांची खरेदी ठरवते, म्हणून मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवं.

पहिला मुद्दा सर्वांत घातक, कारण तो ऐकायला पटतो. पद्धत गुप्त ठेवली की कुलूप पक्कं होतं, असं त्यात गृहीत धरलंय. दारावर टेकवायच्या मायफेअर क्लासिक या चिप-कार्डाचं उदाहरण घ्या. त्याची क्रिप्टो-१ ही कूटपद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. संशोधकांनी चिपचे थर घासून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि २००७-०८मध्ये ती उलगडली. किल्ली जेमतेम ४८ बिटांची निघाली. नेदरलँड्समधल्या संशोधकांचा लेख थांबवायला कंपनी कोर्टात गेली. जुलै २००८मध्ये कोर्टाने नकार दिला. याउलट एईएस ही कूटपद्धत २००१पासून सगळ्या जगासमोर उघडी आहे, आणि ती आजही टिकून आहे. गुप्त ठेवायची ती किल्ली, पद्धत नव्हे.

आता गेटवरचा रीडर भिंतीवरून काढून मागे बघा. लाल-काळी वायर विजेची, हिरवी डी-शून्य आणि पांढरी डी-एक असेल, तर ते विगँड, म्हणजे रीडरकडून कार्डाचा नंबर पुढे पाठवायची जुनी पद्धत. २६ बिटांच्या नेहमीच्या रचनेत ८ बिट साइट कोड (जागेचा क्रमांक), १६ बिट कार्ड नंबर आणि २ पॅरिटी (चूक पकडणारे बिट). नंबर उघडा जातो, तोही एकाच दिशेने. त्या दोन वायरींवर छोटं सर्किट चिकटवलं की प्रत्येक सभासदाचा नंबर साठत जातो, आणि दार उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्या कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. यावरचा उपाय खुल्या मानकातच आहे: ओएसडीपी, म्हणजे रीडर आणि कंट्रोलर यांच्यातल्या संवादाचं मानक (२०२०चं आयईसी ६०८३९-११-५). आरएस-४८५ या प्रकारच्या वायर-जोडणीवर दोन्ही दिशांनी बोलणं, सुरक्षित चॅनेलमध्ये एईएस-१२८, आणि रीडर तुटला की लगेच कळतं. पण बसवणारे इथेच चुकतात. सुरक्षित चॅनेल चालूच करत नाहीत, किंवा कारखान्याची मूळ किल्ली तशीच ठेवतात. ती तर मानकातच छापलेली आहे. प्रत्येक रीडरला वेगळी किल्ली द्या. केबल पिळलेल्या जोडीची घ्या, आणि लांब केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावा.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत सरकारी नियमही याच दिशेने जातो. ९ एप्रिल २०२५पासून भारतात लागू झालेल्या सुरक्षा चाचणीत उत्पादकाने स्वतःचा बंदिस्त प्रोटोकॉल वापरला असेल, तर त्याचा तपशील आणि सोर्स कोड द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. ‘ऑनव्हिफ’ हा एकच शिक्का नाही, त्यात प्रोफाइल, म्हणजे सुविधांचे ठरावीक संच, आहेत. एस म्हणजे मूळ चित्रप्रवाह, त्यात एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) नाही. टीमध्ये एच.२६५ आणि हालचाल-छेडछाडीच्या सूचना आल्या. जी रेकॉर्डिंगसाठी, एम विश्लेषणाच्या मेटाडेटासाठी, म्हणजे चित्रात काय ओळखलं त्या माहितीसाठी. एसवर जोडून टीची अपेक्षा केली, तर निराशा होणारच. कंपनीचं काही खास विश्लेषण मानकाबाहेर राहतं, हे मान्य. पण ‘चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोष बहुतेकदा जोडणीचा असतो. चित्र दिसतं पण हालचालीवर रेकॉर्ड होत नाही? कॅमेऱ्यात हालचाल ओळखणं चालू आहे का, आणि एनव्हीआर ती सूचना घेतो का, ते बघा. पासवर्ड बरोबर असूनही नाकारतो? कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळ मिसळलेली असते. घड्याळ मागे-पुढे असेल तर कॅमेरा लॉगिन नाकारतो. कॅमेरा आणि एनव्हीआर दोघांना एकाच एनटीपी सर्व्हरवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा सर्व्हर) ठेवा, वेळक्षेत्र +५:३०. कित्येक कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळातच बंद असतं आणि त्याचा वापरकर्ता वेगळा बनवावा लागतो. चित्र अडखळत असेल, तर कंपनीचं ‘स्मार्ट’ कॉम्प्रेशन बंद करून साधं एच.२६५ ठेवा.

एकच फोन? मॉडेल बंद होईपर्यंत. सोळापैकी एक कॅमेरा चौथ्या वर्षी गेला आणि जुना एनव्हीआर नव्या मालिकेला ओळखत नसेल, तर एका कॅमेऱ्यासाठी एनव्हीआरही बदलायचा.

म्हणून कोटेशनमध्ये ‘ऑनव्हिफ सपोर्टेड’ हे शब्द चालवून घेऊ नका. मॉडेल नंबर, फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) आवृत्ती आणि प्रोफाइल लिहून मागा, आणि ऑनव्हिफच्या उत्पादन-यादीत तेच मॉडेल त्याच फर्मवेअरसह आहे का ते पडताळा. रीडरसाठी ‘ओएसडीपी, सुरक्षित चॅनेल चालू, किल्ल्या सोसायटीच्या ताब्यात’ असं लिहून घ्या. काम झाल्यावर दुसऱ्या कंपनीचा एक कॅमेरा आणून त्या एनव्हीआरला जोडा, समोरून चालत जा आणि रेकॉर्डिंग उघडा. ते मिळालं की मगच शेवटचा हप्ता.