गुडघे लवकर निकामी कसे करावेत

पन्नाशी उलटल्यावरही ज्यांचे गुडघे अजून कामाचे आहेत, अशा हट्टी वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. ते माझ्या पदरचे नाही. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात मोफत तपासणी शिबिर भरले होते, तेथे पांढरा कोट घातलेल्या एका तरुणाने ते मला दिले आणि सोबत पावडरचा एक डबाही दिला. (डबा मोफत नव्हता.)

सर्वप्रथम, गुडघा दुखत असल्यास टाच तपासून घ्यावी. हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्रात टाच ठेवली की पडद्यावर लाल रंगाचा आकडा येतो आणि गुडघ्याचे निदान पूर्ण होते. हाडे ठिसूळ होण्याचा आजार वेगळा आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार वेगळा, असल्या शंका काढून मागची रांग अडवू नये. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या, खालचे हाड उलट जाड होत जाते, एक्स-रेमध्ये ते अधिक पांढरे दिसते आणि सांध्याच्या कडांना नवे हाड वाढून काटे तयार होतात. जेथे हाड न मागता वाढत आहे, तेथे आणखी कॅल्शियम ओतण्यामागची दूरदृष्टी तुम्हाआम्हाला कळणार नाही.

एक्स-रे काढलाच, तर तो सर्व नातेवाइकांना दाखवावा. त्यात कूर्चा दिसतच नाही, दिसते ते दोन हाडांमधले अंतर. आणि एक्स-रेवरून आजार मोजण्यासाठी केलग्रेन व लॉरेन्स या डॉक्टरांनी 1957 साली ठरवलेल्या श्रेणींपैकी वरची, म्हणजे अधिक बिघाडाची, श्रेणी मिळालेला माणूस मजेत डोंगर चढत असतो, तर खालच्या श्रेणीचा माणूस रात्रभर कण्हतो. तरीही प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा फोटोवर विश्वास ठेवावा.

वजनाचा विषय निघाल्यास थायरॉइडचे नाव घ्यावे.

गुडघ्यातले वंगण संपले, हे निदान मात्र मान खाली घालून स्वीकारावे, कारण ते शिबिरातल्या तरुणापासून तेलाच्या जाहिरातीपर्यंत सर्वांना एकमताने मान्य आहे. गुडघा सुजून टम्म झाला आणि डॉक्टरांनी सुई घालून त्यातून पाणी काढले, तरीही वंगण संपलेलेच आहे असे समजावे. त्या द्रवाला चिकटपणा देणारे हायल्युरॉनिक आम्ल कमी होऊन तो पातळ होतो, सांध्याच्या अस्तराला सूज आली की तो उलट जास्तच साचतो, आणि वरून चोळलेले तेल कातडी, चरबी व सांध्याची पिशवी ओलांडून आत पोहोचत नाही, ही माहिती घरातल्या तेल चोळणाऱ्या व्यक्तीला सांगून तिचा हिरमोड करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा उपाय: चालणे पूर्णपणे बंद करावे. जितके चालाल तितकी झीज होईल, असे त्या तरुणाने सांगितले आणि समोरच्या खुर्च्यांवरील सर्व माना हलल्या. प्रत्यक्षात कूर्चेत रक्तवाहिनी नाही. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि पावलागणिक पडणारा व सुटणारा दाब त्या पोषणाला मदत करतो. कोलॅजन या प्रथिनाच्या जाळ्यात ॲग्रीकॅन नावाचे रेणू पाणी धरून ठेवतात, त्यावर तिचा ताठपणा अवलंबून असतो, आणि या साऱ्याची देखभाल करणाऱ्या पेशी तिच्या आकारमानाच्या जेमतेम काही टक्के असतात. आजार सुरू झाला की याच पेशी जाळे तोडणारी विकरे (एन्झाइम) अधिक प्रमाणात सोडू लागतात, ॲग्रीकॅन निघून जाते, पृष्ठभाग पिंजतो, मग त्याला भेगा पडतात. टायर रस्त्यावर घासून गुळगुळीत व्हावा, तसा हा प्रकार नाही. जिवंत ऊती बिघडतात. कूर्चाच नव्हे, तर अस्तर, हाड, मेनिस्कस (गुडघ्यातली चकती), अस्थिबंध, सगळेच त्यात ओढले जाते. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. वेदना येते ती अस्तरातून, हाडातून, सांध्याच्या पिशवीतून. आणि दुखते म्हणून बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, मग तोल सांभाळण्याचे काम गुडघ्यावर एकट्यावर पडते, मग अधिक दुखते, मग तो अधिक बसतो. आमच्या आवारात संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायका त्या रविवारपासून बाकावर बसलेल्या आहेत. वंगण जपत आहेत म्हणे! हे सांगणाऱ्याला कोणी त्याची पदवी विचारली नाही, आणि पदव्या असलेले आमचे दोन रहिवासी पहिल्या रांगेत बसून चहा पीत होते.

डबा रोज दुधातून घ्यावा.

त्या डब्यातील मुख्य घटक ग्लुकोसामाइन, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकला जाणारा एक पूरक पदार्थ, आहे. अमेरिकेत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी झाली, 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि एकूण रुग्णांचा विचार करता औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याने लक्षणीय आराम दिलेला आढळला नाही. ही गोष्ट आता कोणाला नवी नाही. विकणाऱ्याला तर मुळीच नाही.

मला राग त्याचा कमी आणि तुमचा जास्त येतो. एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितले होते, आणि तुम्ही डॉक्टर बदलला. फिजिओथेरपिस्टने मांडीचे व्यायाम शिकवले, तेव्हा यात काय विशेष, म्हणून तुम्ही ते आठवड्यात सोडलेत. आई जमिनीवर मांडी घालून भाजी चिरते, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसताना नळाला धरून कळ सोसते, आणि तुम्ही तिच्यासाठी महिन्याला एक डबा आणून कर्तव्य संपले असे मानता. तिला चालायला न्या, हळू का होईना, रोज न्या. कमोड बसवा, शेजारच्या भिंतीला धरायला एक दांडा लावा. हे काम गवंड्याचे आहे, अस्थिरोगतज्ज्ञाचेही नाही, आणि तुम्ही ते दिवाळीनंतर बघू म्हणत वर्षानुवर्षे पुढे ढकलत आहात.